उन्हातला काउंट

"ए मावशी, पण हा उन्हात काय करतोय?"

भाची अकरा वर्षांची आहे. तिला भुतं चालतात, पण भुतांनी नियम पाळले पाहिजेत. सुट्टीतल्या एका दुपारी पडदे ओढून मी तिला 'नोस्फेरातू' दाखवत होते, मुर्नाऊचा, १९२२ सालचा मूकपट. डिस्क जुनी, कधीतरी घेऊन ठेवलेली. वेष्टनावर वाढलेल्या नखांचा हात आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'संपूर्ण'. जहाज धक्क्याला लागलं. टोकदार कानांचा, उंदरासारखे पुढचे दोन दात असलेला काउंट ऑर्लॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावाच्या कमानीतून आत आला. मी या वयात हे पाहिलं असतं तर उशीत तोंड खुपसलं असतं. हिने रिमोट उचलला, चित्र थांबवलं, टीव्हीजवळ गेली आणि काचेवर बोट ठेवलं. काउंटच्या मागच्या भिंती दिवसाच्या उजेडात न्हाल्या होत्या. लख्ख दुपार. "तूच म्हणालीस ना, शेवटी उन्हाने मरतो म्हणून?"

मी म्हणाले, "अगं, तो इतका माजलाय, की आता त्याला उन्हाचीही भीती वाटत नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि चित्र पुढे सुरू केलं. तिचं समाधान झालं. माझं नाही. कारण खरं उत्तर मला माहीत होतं, चांगलं पंधरा वर्षं माहीत होतं, आणि तरीही तोंडातून आलं ते एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःची समजूत घालायला रचलेलं उत्तर. मुलांना खोटं सांगू नये वगैरे मी मानते. मग हे असं, एका क्षणाचाही विचार न करता कसं आलं, हे मला रात्री झोपताना खुपत राहिलं.

एकोणिसाव्या वर्षी माझ्या हाती आली होती ती कॅसेट. मैत्रिणीच्या मोठ्या भावाने दिलेली, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवरून उतरवलेली. व्हीएचएसची नक्कल दर पिढीगणिक थोडी आंधळी होत जाते. काळं राखाडी होतं, पांढरं पसरतं, माणसांच्या कडा साबणासारख्या झिजतात. वरच्या बाजूला चित्र सतत थरथरायचं, आणि ट्रॅकिंगची चकती कितीही फिरवली तरी ती थरथर फक्त वरून खाली यायची. संगीत म्हणून कुणीतरी ऑर्गनची एक रेकॉर्ड मागे लावून दिली होती. पडद्यावर काय चाललंय याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. नवराबायको बागेत फुलं देतघेत असताना ऑर्गनवर प्रलय यायचा, आणि खरोखरच गावात प्लेग आला तेव्हा रेकॉर्ड संपलेली असायची. मग नुसती खरखर. त्या खरखरीत रस्त्यावरून जाणाऱ्या शवपेट्यांची रांग मी पाहिली आहे. पुढे नीट संगीत लावलेल्या आवृत्त्या पाहिल्या, पण त्या रांगेला ती खरखरच हवी असं मला अजून वाटतं.

एक गंमत सांगायची राहिली. जंगलातून बग्गी जाते तिथे मध्येच चित्र उलटं होतं, झाडं पांढरी आणि आकाश काळं. टेप गेली समजून मी उठून व्हीसीआरला दोन चापट्या मारल्या. पुढे कळलं, त्या सगळ्या कॅसेटमध्ये जे थोडंथोडकं निखळ मुर्नाऊचं शिल्लक होतं, त्यातलं ते एक. त्याने ते दृश्य मुद्दाम निगेटिव्हमध्ये ठेवलं होतं. बाकीच्या बिघाडांना मी कला समजून बसले होते आणि कलेला चापट्या मारत होते.

आता उन्हाचं. त्या काळच्या फिल्मला आणि दिव्यांना रात्र झेपत नसे. म्हणून रात्रीचे बाहेरचे प्रसंग दिवसा टिपायचे आणि मग प्रिंटचा तेवढा तुकडा रंगाच्या पाण्यात बुडवायचा. निळी झाक म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. प्रेक्षकांना हा संकेत पाठ होता. निळं दिसलं की त्यांच्या मनात अंधार पडायचा. पुढे या चित्रपटाच्या नकला निघाल्या त्या स्वस्तातल्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर. त्यावरून टीव्हीसाठी, टीव्हीवरून टेपवर, टेपवरून डिस्कवर. कथानकातलं एक अक्षरही न कापता कुणीतरी त्यातली रात्रच काढून टाकली. बरं, हा तोच चित्रपट, ज्यात रक्तपिपासू पहिल्या किरणाने विरून जातो. म्हणजे नियमही इथेच जन्मला आणि नियमाची मोडतोडही, याच डिस्कवर.

आणि इथे गोष्ट अशी काही वळण घेते, की मला अजून हसू येतं. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो. त्याची शक्ती तेव्हा कमी असते एवढंच, पण भर लंडनच्या रस्त्यावर तो उजेडी दिसतो आणि त्याला काही होत नाही. ऊन लागून मरणं ही मुर्नाऊच्या मंडळींची भर. तेव्हा ज्या कुणा अज्ञात नक्कलकाराने रंग उडवले, त्याने नकळत काउंटला परत पुस्तकात नेऊन सोडलं. नावांचंही तेच. स्टोकरच्या कुटुंबाची परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून चित्रपटवाल्यांनी ड्रॅक्युलाचं ऑर्लॉक केलं, हार्करचं हुट्टर केलं. अमेरिकेत फिरलेल्या प्रिंटवर कुणीतरी संवादांच्या पाट्या बदलल्या आणि पुन्हा ड्रॅक्युला, हार्कर, रेनफिल्ड लिहून टाकलं. माझ्या कॅसेटवर तीच नावं होती. चोरी लपवायला घातलेला मुखवटा दुसऱ्या चोराने ओढून काढला. आता यातला कुठला चोर मोठा, हे कुणी कसं ठरवायचं?

स्टोकरची पत्नी फ्लॉरेन्स मात्र ठरवून मोकळी झाली होती. ती कोर्टात गेली. निर्मिती कंपनीचं दिवाळं वाजलेलं, पैसे मिळायची आशा नाही, म्हणून १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देताना चित्रपटाच्या सगळ्या प्रती आणि निगेटिव्ह नष्ट करायला सांगितल्या. कायद्याने पाहिलं तर बाई बरोबर होती, शंभर टक्के. कायदा नीट पाळला गेला असता तर मुर्नाऊचा हा चित्रपट आज फक्त कागदोपत्री असता. तो वाचला तो देशाबाहेर गेलेल्या, हातोहात फिरलेल्या, कापलेल्या, पाट्या बदललेल्या प्रतींमुळे. १९३० मध्ये तर मुर्नाऊला न विचारता त्याची 'बारावा तास' या अर्थाच्या नावाने नवी आवृत्तीच काढली गेली. तीत आवाज घातला, नवे प्रसंग टिपून जोडले, काउंटला आणखी एक नाव दिलं, वोल्कॉफ. आणि कथानकाची मागेपुढे अशी काही फिरवाफिरवी केली, की शेवट गोड झाला, नायिका जगली. ती मरते म्हणून तर गाव वाचतं! पण असो. कुणाला तरी ती मेलेली बघवली नसेल.

आपल्याकडे अशा भरीला चांगला शब्द आहे, क्षेपक. पोथी उतरवून घेणारा कुणी आपल्या पदरच्या चार ओळी घालतो, पुढचा उतरवणारा त्या मूळ समजून उतरवतो, आणि तीनशे वर्षांनी पंडित भांडत बसतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. मला ती नरोटी फार आवडते. केवढा राग आहे त्यात, आणि केवढा घरगुती! पण नाथांसमोर तरी काय होतं? पाठभेदांनी भरलेल्या पोथ्याच. कुणीतरी चुका करत करत ती उतरवत राहिलं, म्हणून शुद्ध करायला काही उरलं.

चित्रपटांच्या नरोट्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ चा चित्रपट. ऐन वेळी नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर हक्काची सूचना घालायची राहिली, आणि चित्रपट कुणाचाच राहिला नाही, म्हणजे सगळ्यांचा झाला. मग त्याच्या टेपा आणि डिस्क वाटेल त्याने वाटेल तशा काढल्या. १९९९ मध्ये मूळच्याच एका सहलेखकाने त्यात सुमारे पंधरा मिनिटांचं नवं चित्रण घुसवलं, नवं संगीत लावलं. दिग्दर्शक रोमेरोचा त्यात हात नव्हता. मूळ चित्रपटात स्मशानात पहिलं प्रेत होऊन आलेला नट नव्या प्रसंगांसाठी पुन्हा बोलावला गेला, तीस वर्षांनी म्हातारा झालेला. प्रेतं म्हातारी होत नाहीत, नट होतात. ती आवृत्ती पाहताना मला राग येण्याआधी त्या माणसाची दया आली.

मूकपटांचा संग्राहक रेमंड रोहाउअर याच्याबद्दल वाचलं तेव्हाही असंच झालं. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याच्या चित्रपटांच्या कुजत चाललेल्या नायट्रेट प्रती त्याने सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतल्या, कीटनला म्हातारपणी पुन्हा प्रेक्षक मिळवून दिले. आणि त्याच हातांनी मूकपटांच्या पाट्या नव्याने लिहून, फेरफार करून, ही आता माझी आवृत्ती म्हणून हक्क सांगत फिरला. एकाच माणसाचं आभारपत्र आणि आरोपपत्र लिहायचं झालं तर तपशील तेच राहतील.

कात्रीवाल्या सोवळ्या मंडळींबद्दल मात्र माझ्या मनात द्विधा नाही. युटा राज्यातल्या एका व्हिडिओ दुकानाने १९९८ मध्ये गिऱ्हाइकांनी विकत आणलेल्या 'टायटॅनिक'च्या कॅसेटमधून नायिकेचं विवस्त्र दृश्य पाच डॉलरांत कापून द्यायला सुरुवात केली. पुढे त्याचा धंदा झाला, नामांकित चित्रपटांच्या 'स्वच्छ' डिस्क भाड्याने मिळू लागल्या. २००६ मध्ये कोलोराडोच्या संघीय न्यायालयाने तो बंद पाडला. त्याच्या आदल्या वर्षीच्या कायद्याने एवढी वाट ठेवली होती, की आपल्या घरात, आपल्या डिस्कवर, नको ते दृश्य यंत्राने गाळून पुढे जायला हरकत नाही, फक्त कापलेली प्रत तयार होता कामा नये. मला हा भेद पटतो. डोळे मिटणं वेगळं, चित्र फाडणं वेगळं.

पण मग खुद्द चित्रकारानेच चित्र फाडलं तर?

जॉर्ज लुकास १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्षीला उभा होता. जुने काळेपांढरे चित्रपट मालकांनी संगणकाने रंगवायचा सपाटा लावला होता, त्याविरुद्ध. तो म्हणाला, नफ्यासाठी किंवा सत्ता गाजवायला जे कलाकृती बदलतात किंवा नष्ट करतात ते रानटी होत. नऊ वर्षांनी त्यानेच आपला १९७७ चा 'स्टार वॉर्स' बदलून आणला. नवे प्राणी घातले, आणि खानावळीतल्या त्या प्रसंगात आधी गोळी झाडणाऱ्या हान सोलोला नंतर झाडायला लावली. एका सेकंदाचा बदल, पण निबर मवाल्याचा एकदम सज्जन माणूस झाला. मूळ आवृत्ती पुढे २००६ मध्ये डीव्हीडीसोबत जोड म्हणून दिली, तीही लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून, नव्या टीव्हीवर फिकट आणि लहानखुरी दिसणारी. तेव्हा चाहते कामाला लागले. कुणी वेगवेगळ्या डिस्कवरचे तुकडे जुळवून, रंग सुधारून १९७७ चं चित्र फ्रेमफ्रेमने परत बांधलं, कुणी थिएटरमधल्या जुन्या पस्तीस मिलिमीटर प्रिंट मिळवून त्यांचं स्कॅनिंग केलं. धूळ, ओरखडे, सगळं. हे सगळं बेकायदा. म्हणजे मालकाची परवानगी असलेलं ते बदललेलं, आणि परवानगी नसलेलं ते मूळ.

याच चाहत्यांच्या जातकुळीतल्या एकाने 'स्टार वॉर्स'च्या १९९९ च्या नव्या भागातून सुमारे वीस मिनिटं कापून आपली आवृत्ती फिरवली होती, ती पाहून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. सोवळ्यांची कात्री मला चालत नाही आणि रसिकाची चालते, यात तत्त्व किती आणि आवडनिवड किती, हे मी स्वतःला फार विचारत नाही. एवढं मात्र वाटतं, की त्या चाहत्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं, हे मी कापलंय. आणि माझ्या त्या डिस्कवर छापलं होतं 'संपूर्ण'.

फ्रान्समध्ये दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनच्या वारसांनी त्याच्या रंगवलेल्या चित्रपटाविरुद्ध खटला लढवला आणि १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. मालकी विकली तरी कलाकाराचा आपल्या कृतीवरचा नैतिक हक्क सुटत नाही, असा तो न्याय. वाचून बरं वाटलं होतं. पण त्या न्यायाच्या पारड्यात माझी कॅसेट टाकली की मी अडखळते. मुर्नाऊने विचारलं असतं, बाई, तुम्ही माझा चित्रपट पाहिलात का, तर मला नाही म्हणावं लागलं असतं. तासाहून थोडीच जास्त लांबीची, चुकीच्या वेगाने पळणारी, रात्र नसलेली, दुसऱ्याचं संगीत आणि तिसऱ्याच्या पाट्या असलेली कुठली तरी वस्तू मी पाहिली होती. आणि तिने मला तीन रात्री झोपू दिलं नव्हतं.

दुरुस्त आवृत्ती मी पहिल्यांदा पाहिली ती चांगल्या मोठ्या पडद्यावर. मुर्नाऊ फाउंडेशनची, २००६ ची, पॅरिसच्या संग्रहातल्या जुन्या रंगीत छटांच्या प्रिंटवर बेतलेली, ९४ मिनिटांची. माणसं माणसांसारखी चालत होती. रात्र निळी होती. काउंट पेटी घेऊन निघाला तेव्हा गाव झोपलेलं आहे हे पहिल्यांदाच समजलं. म्हणून तर कुणी वाटेत येत नाही! इतकी वर्षं मला वाटायचं, भर दुपारी भुताला बघून लोकांनी दारं लावून घेतलीयत. सगळं जागच्या जागी बसलं होतं, सुंदर होतं, आणि माझा काउंट त्यात कुठेच नव्हता. दिवसाढवळ्या शवपेटी काखेत घेऊन, कुणाच्या बापाला न भिता चालणारा. तो एका बिघाडातून जन्मला होता आणि बिघाड दुरुस्त झाल्यावर मेला. उन्हाने नाही, निळ्या रंगाने.

तर त्या दुपारी भाचीला उत्तर दिलं ते मी नव्हे, त्या कॅसेटने दिलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खुपणं काही थांबेना. पुढच्या रविवारी तिला बोलावून निळी आवृत्ती दाखवली, तिथे थांबवली आणि सगळं सांगितलं. रंगाचं पाणी, स्वस्तातली नक्कल, आणि मी फेकलेली थाप. ती शहाण्या वकिलासारखी ऐकत होती. "म्हणजे तो माजलेला नव्हता?" "नव्हता. ती रात्र होती." "ओके." बस, एवढंच. मुलं फार लवकर माफ करतात किंवा फार लवकर कंटाळतात, मला अजून त्यातला फरक ओळखता येत नाही.

दोन आठवड्यांनी तिने फोन पुढे केला. "मावशी, मी छोटा केलाय." जुन्या डिस्कवरचे तुकडे टीव्हीसमोर फोन धरून टिपले होते. कडेला तिच्या स्वतःच्या केसांचं प्रतिबिंब, मध्येच आईची हाक. सगळा मुर्नाऊ चार मिनिटांत बसवला होता. प्रेमपत्र नाही, प्लेग नाही, डॉक्टर नाही. मागे कुठलं तरी ढोलकं वाजत होतं. शेवटी काउंट नायिकेच्या खोलीपर्यंत पोचतो आणि तिथेच चित्र संपतं, ती मरत नाही. १९३० चं मी तिला काही सांगितलं नव्हतं. जहाज आलं, कमान आली, काउंट पेटी घेऊन निघाला, आणि भिंतींवर तीच लख्ख दुपार. मी म्हणाले, "अगं, निळं नाही का केलंस? फोनमध्ये होतं ना लगेच." "नको. असंच पाहिजे ते." आणि पडद्यावर तिची पाटी आली, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी काढलेली:

'त्याला उन्हाचीही भिती वाटत नव्हती.'

भीतीची भि ऱ्हस्व होती. मी काही बोलले नाही.